नव्या नोकरीतील माणसे: कामाच्या ठिकाणी नाती कशी जोडावीत आणि कशी सांभाळावीत

नवीन नोकरीत रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ओळखपत्र, संगणकाचा पासवर्ड आणि कामांची यादी मिळते. मात्र शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे मदत कशी मागावी, काम वेळेत होणार नाही हे वरिष्ठांच्या कानावर केव्हा घालावे आणि मीटिंगमध्ये खटका उडाल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर कसे बसावे, हे त्याला कोणी शिकवत नाही. ज्यांची ही पहिलीच नोकरी आहे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. नोकरी बदलून नव्या माणसांत आलेल्यांनाही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

पुढील सर्व सूचना माझ्या एका मतावर उभ्या आहेत, म्हणून ते आधी सांगतो. कामाच्या ठिकाणचे नाते प्रामुख्याने दिलेल्या शब्दावर उभे राहते. ‘पाहून सांगतो’ म्हटल्यावर खरोखरच पाहून सांगणे, ‘दुपारपर्यंत पाठवतो’ म्हटल्यावर दुपारपर्यंत पाठवणे आणि जमणार नसेल तर तसे वेळेत कळवणे, इतके ज्याला साधते त्या मितभाषी माणसाचेही सर्वांशी उत्तम संबंध असतात. याउलट ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही, तो कितीही गप्पिष्ट आणि लाघवी असला तरी महत्त्वाचे काम सोपवायची वेळ आली की लोक त्याला हसतमुखाने टाळतात.

पहिले काही दिवस: पाहणे आणि लक्षात ठेवणे

सुरुवातीला एक छोटी वही जवळ ठेवावी. ओळख झालेल्या प्रत्येकाचे नाव, त्याच्याकडे असलेले काम आणि कोणत्या गोष्टीसाठी त्याच्याकडे जावे लागेल, हे त्याच दिवशी लिहून काढावे. नावाचा उच्चार नीट कळला नसेल तर लगेच विचारावा, कारण पहिल्या दिवशी विचारण्यात काहीच वावगे नसते, पण तीन महिने चुकीच्या नावाने हाक मारल्यावर तोच प्रश्न विचारणे दोघांनाही अवघड जाते. संबोधनाची सुरुवात ‘तुम्ही’ने करावी, समोरची व्यक्ती वयाने लहान दिसत असली तरीही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर सहज येता येते, उलट दिशेने जाताना मात्र मध्ये अढी बसते.

कागदावरील अधिकारांची उतरंड आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत बहुधा फरक असतो, तोही याच दिवसांत टिपावा. सही कोणाची लागते आणि सही करण्यापूर्वी ते कोणाचे मत विचारतात, जुनी फाईल कोणाला सापडते, यंत्रणा बंद पडली की सगळे कोणाकडे धाव घेतात, हे थोड्या निरीक्षणाने कळते. लोक एकमेकांच्या टेबलाजवळ जाऊन बोलतात की आधी मेसेज करतात, मीटिंग ठरलेल्या मिनिटाला सुरू होते की पाच मिनिटांनी, वरिष्ठांचे म्हणणे उघडपणे खोडले जाते की नंतर खोलीत जाऊन सांगितले जाते, अशा अलिखित रीती समजेपर्यंत आपली पद्धत पुढे रेटू नये. विशेषतः ‘आमच्या आधीच्या ऑफिसात असे नव्हते’ हे वाक्य पहिले दोन-तीन महिने तोंडातून निघू नये.

ज्यांना स्वभावतःच पटकन मिसळता येत नाही त्यांनी काळजी करू नये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी 1968 मध्ये दाखवून दिले की, एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर येण्यानेच तिच्याविषयीची पसंती वाढू शकते. रोज त्याच वेळी दिसणे, नजरानजर झाल्यावर मान लववणे आणि दोन शब्द विचारणे एवढ्यानेही ओळख हळूहळू घट्ट होते. अंतराचाही यात मोठा वाटा असतो. थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात अभियंत्यांच्या आपापसांतील संवादाची मोजणी केली, तेव्हा टेबलांमधील अंतर वाढेल तसा संवाद झपाट्याने कमी होतो आणि साधारण 50 मीटरच्या पुढे तो अगदीच तुरळक उरतो, असे त्यांना आढळले. म्हणून ज्यांच्याशी नेहमी काम पडणार आहे पण जे दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या शहरात बसतात, त्यांच्याशी ओळख आपोआप होईल असे धरून चालू नये. पहिल्या पंधरवड्यात त्यांना मुद्दाम भेटावे, ते शक्य नसेल तर फोन करून आपण कोण आणि कोणत्या कामासाठी त्यांच्या संपर्कात असू, ते सांगावे.

मदत मागणे

सतत विचारत राहिलो तर आपल्याला काही येत नाही असे लोकांना वाटेल, या भीतीने नवखा माणूस गप्प बसतो आणि तीन दिवस चुकीच्या दिशेने काम करतो. ही भीती बाजूला ठेवावी. 1969 मध्ये जॉन जेकर आणि डेव्हिड लँडी यांनी एक प्रयोग केला. त्यात सहभागी झालेल्यांनी जिंकलेले पैसे संशोधकाने काही जणांकडून ‘माझ्यासाठी एवढे करा’ अशी वैयक्तिक विनंती करून परत घेतले. ज्यांनी ही विनंती मान्य केली, त्यांचे त्या संशोधकाविषयीचे मत पैसे स्वतःकडेच राहिलेल्यांच्या मतापेक्षा चांगले होते. आपण ज्याला मदत करतो त्याच्याविषयी आपल्याला आपलेपणा वाटू लागतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तरीही मदत मागण्याची एक रीत आहे. ‘हे जमत नाही, जरा बघता का?’ या प्रश्नात समोरच्याला सगळे पहिल्यापासून समजून घ्यावे लागते. त्याऐवजी, ‘मागील महिन्याचा अहवाल समोर ठेवून मी हा तक्ता भरला आहे, पण चौथ्या रकान्यातील बेरीज जुळत नाही, मी दोनदा तपासली. तुम्हाला दहा मिनिटे केव्हा मिळतील?’ असे विचारले की आपण आधी प्रयत्न केला आहे हे दिसते, अडचण नेमकी कुठे आहे हे कळते आणि त्याच्या वेळेची आपल्याला कदर आहे हेही पोचते. मिळालेले उत्तर लगेच लिहून ठेवावे, कारण तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की माणूस त्रासतो. काम झाल्यावर परत जाऊन ‘तुम्ही सांगितले तसे केले, बेरीज जुळली’ एवढे अवश्य सांगावे. बहुतेक जण आभार मानतात आणि निघून जातात. आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे कळण्याचे समाधान फार थोडे लोक देतात, आणि त्यांना पुढच्या वेळी आनंदाने मदत मिळते.

दिलेला शब्द

पहिल्या वर्षात सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी हीच गोष्ट आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

नव्या माणसाला ‘हो’ म्हणण्याची घाई असते. कोणी काम सांगितले की ते किती वेळाचे आहे याचा अंदाज न घेता तो होकार देतो, आणि असे चार होकार एकाच दिवशी फळाला येतात. म्हणून होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: नेमके काय हवे आहे, केव्हापर्यंत हवे आहे, आणि हे ज्या कामावर अवलंबून आहे ते कोणाकडे आहे. मग जी तारीख सांगायची ती आपल्या अंदाजापेक्षा थोडी पुढची सांगावी. ‘लवकरात लवकर करतो’ हा शब्दप्रयोग टाळावा, कारण त्याचा अर्थ सांगणारा आणि ऐकणारा आपापल्या सोयीने लावतात. दिलेला प्रत्येक शब्द, मग तो जिन्यात उभ्या उभ्या दिलेला का असेना, वहीत लिहावा.

शब्द पाळता येणार नाही असे प्रसंग सर्वांवर येतात. त्या वेळी बातमी किती लवकर सांगितली यावर नाते तगते. माझ्या पहिल्या नोकरीतील एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. एका वरिष्ठ सहकारी बाईंना शुक्रवारी सकाळी ग्राहकांसमोर आकडेवारी मांडायची होती आणि ती मी तयार करणार होतो. मला लागणारी माहिती दुसऱ्या विभागाकडून येणार नाही हे बुधवारी दुपारीच मला कळले होते, पण कसेतरी निभावून नेऊ या आशेवर मी गुरुवारी रात्रीपर्यंत गप्प राहिलो. शुक्रवारी त्या अर्धवट तक्ता घेऊन ग्राहकांसमोर उभ्या राहिल्या. नंतर त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर माझ्याकडे कोणतेही काम असले की आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन येऊ लागला, ‘उद्याचे तयार आहे ना?’ हा प्रश्न त्या इतर कोणाला विचारत नसत. तो फोन थांबायला जवळजवळ चार महिने लागले, आणि तोही मी त्यांच्या फोनच्या आधी, न विचारता, काम कुठवर आले आहे हे कळवू लागल्यावर थांबला.

बुधवारी दुपारी मी पाठवायला हवा होता तो मेसेज असा असायला हवा होता: ‘शुक्रवारच्या आकडेवारीतील दोन रकान्यांची माहिती अजून आलेली नाही आणि ती गुरुवारपर्यंत येण्याची खात्री वाटत नाही. बाकीचा तक्ता आज संध्याकाळी पाठवतो. या दोन रकान्यांसाठी मागील तिमाहीचे आकडे वापरून तशी टीप द्यावी, की ते रकाने वगळावेत, हे कृपया सांगावे.’ यात अडचण आहे, जे हातात आहे ते केव्हा मिळेल हे आहे आणि समोरच्याला निर्णय घेण्यासाठी दीड दिवस आहे. दोष कोणत्या विभागाचा, हे त्यात नाही आणि त्या घडीला त्याचा उपयोगही नसतो.

वरिष्ठांशी वागताना

वरिष्ठांना कामाची माहिती कशी हवी असते हे त्यांनाच विचारावे. काहींना रोज दोन ओळी हव्या असतात, काहींना आठवड्यातून एकदा सविस्तर बोलणे पसंत असते, आणि काहींना अडचण आल्याशिवाय निरोप नको असतो. अडचण घेऊन जाताना शक्य असेल तर सोबत एखादा पर्याय न्यावा, पण पर्याय सुचत नाही म्हणून अडचण दडवून मात्र ठेवू नये.

दोन वरिष्ठांनी एकाच दिवशी दोन कामे सांगितली, तर त्यांचा क्रम स्वतःच्या मनाने लावू नये. ज्यांच्या हाताखाली आपण आहोत त्यांच्याकडे दोन्ही कामे मांडून ‘आज यांतील एकच पूर्ण होईल, कोणते आधी घेऊ?’ असे विचारावे आणि ठरलेले दुसऱ्या वरिष्ठांनाही कळवावे.

आपल्या कामाविषयी त्यांचे मत जाणून घ्यायचे असेल तर प्रश्न नेमका असावा. ‘माझे काम कसे चालले आहे?’ याला ‘चांगले आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘मागच्या अहवालात मी कोणती एक गोष्ट वेगळी करायला हवी होती?’ असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळते. ते ऐकताना लगेच खुलासा देऊ नये. आधी लिहून घ्यावे आणि खुलासा आवश्यकच असेल तर दुसऱ्या दिवशी द्यावा.

लिहिताना

लिखित मजकुराला आवाज नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईमेल लिहिणाऱ्यांना आपला उपरोधिक किंवा गंभीर सूर वाचणाऱ्याला सहज कळेल अशी खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांनी तो ओळखण्याचे प्रमाण त्या खात्रीपेक्षा बरेच कमी भरले. वाचणाऱ्यांना मात्र आपण तो बरोबर ओळखला असेच वाटत होते. म्हणून कामाच्या पत्रव्यवहारात उपरोध वापरूच नये, आणि एकाच विषयावर दोनदा उलटसुलट उत्तरे झाली की तिसरे उत्तर न लिहिता फोन उचलावा.

‘तुम्ही अजूनही माहिती पाठवलेली नाही’ हे वाक्य खरे असले तरी आरोपासारखे वाचले जाते. ‘सोमवारी मागितलेली माहिती मला अजून मिळालेली दिसत नाही. आज चारपर्यंत मिळाली तर अहवाल उद्या जाऊ शकेल’ यात तीच गोष्ट आहे, शिवाय तिचे कारणही आहे. अशा पत्राची प्रत वरिष्ठांना पाठवण्याचा मोह आवरावा. ते शेवटचे पाऊल आहे, आणि उचलायचे झालेच तर समोरच्याला आधी सांगून उचलावे. ग्रुपवर कौतुक करावे, चूक मात्र ज्याची त्याला एकट्याला दाखवावी.

मतभेद

दुसऱ्याला उशीर झाला की तो निष्काळजी ठरतो आणि आपल्याला उशीर झाला की परिस्थिती तशी होती असे आपण म्हणतो. इतरांच्या वागण्याचे मूळ परिस्थितीऐवजी त्यांच्या स्वभावात शोधण्याच्या या कलाला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये मूलभूत चूक म्हटले. कामाच्या ठिकाणच्या कितीतरी भांडणांचे मूळ येथे असते असे मला वाटते. म्हणून एखाद्याच्या वागण्याने मन दुखावले तर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: मला माहीत नसलेली कोणती परिस्थिती यामागे असू शकेल?

त्यानंतर बोलावे, आणि ते शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत बोलावे. राग भरात असताना बोलू नये, पण विषय आठवडाभर मनात मुरूही देऊ नये. बोलणे दोघांतच व्हावे. सुरुवात जे घडले तेथून करावी आणि स्वभावावर बोट ठेवू नये. समजा, आपण केलेले काम सहकाऱ्याने मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर मांडले. ‘तुम्ही माझे श्रेय लाटले’ असे म्हटले की तो बचावाला उभा राहतो आणि संभाषण तेथेच संपते. त्याऐवजी असे म्हणता येते: ‘कालच्या मीटिंगमध्ये आराखडा मांडताना त्यातील विश्लेषण मी केले होते याचा उल्लेख आला नाही. मला ते खटकले, म्हणून थेट तुमच्याशीच बोलतो आहे. असे का झाले?’ मग थांबावे. ही शांतता अवघड वाटते, पण ती भरून काढू नये. अनेकदा उत्तर साधे असते, की गडबडीत राहून गेले. तसे असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये दोघांची नावे कशी येतील ते तेथेच ठरवावे. दोन-तीनदा बोलूनही तसेच घडत राहिले, तर प्रसंगांच्या तारखांसह वरिष्ठांकडे जाण्यात गैर नाही.

वरिष्ठ किंवा अनुभवी सहकाऱ्याची चूक लक्षात आली तर ती शक्यतो मीटिंगपूर्वी त्यांना एकट्याला दाखवावी. मीटिंगमध्येच लक्षात आली आणि तिच्यामुळे निर्णय चुकणार असेल, तर ‘माझ्याकडील आकडा वेगळा दिसतो आहे, एकदा पडताळून पाहूया का?’ असे विचारावे. चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस आकडा विसरतो, पण तो प्रसंग सहसा विसरत नाही.

आपली चूक झाली तर

एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुका कमी नोंदलेल्या असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदी अधिक निघाल्या. त्या गटांतील लोकांना चूक सांगायला भीती वाटत नव्हती, हे त्याचे कारण असावे असे पुढे स्पष्ट होत गेले. सगळीकडे असे वातावरण नसते हे खरे आहे. तरीही आपली चूक दुसऱ्याने शोधून काढण्यापूर्वी आपण सांगणे हे जवळजवळ नेहमीच हिताचे ठरते.

माफी थोडक्यात मागावी: काय चुकले, त्याचा कोणाला त्रास झाला, आता काय दुरुस्त केले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर माफ करा’ या वाक्यात चुकीची कबुली नसते, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळते. दहा वेळा माफी मागणेही बरे नाही, कारण मग समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावे लागते.

कुजबूज, मैत्री आणि मर्यादा

अनुपस्थित व्यक्तीविषयी बोलणे सुरू झाले की तेथून उठून जाण्याची गरज नसते, परंतु आपण त्यात भर घालू नये. आज कोणाविषयी आपल्यापाशी बोलणारा उद्या आपल्याविषयी कोणापाशी बोलेल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. ऑफिसात दोन गट असतील तर नव्या माणसाला दोन्ही गट आपल्याकडे ओढू पाहतात. पहिले काही महिने कोणत्याच गटाच्या कानाला लागू नये.

सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, निरोप पोचवणारे, तांत्रिक मदत करणारे या सर्वांना नावाने ओळखावे आणि वरिष्ठांशी बोलतो त्याच आदराने त्यांच्याशी बोलावे.

सहकाऱ्यांत जिवलग मैत्री होते आणि ती मोलाची असते. मात्र तिला वेळ द्यावा. घरातील अडचणी, पगाराचे आकडे, दुसऱ्या नोकरीचे विचार पहिल्या महिन्यात सर्वांसमोर उघड करू नयेत, आणि इतरांनी विश्वासाने सांगितलेले पुढे नेऊ नये. पैशांची उसनवारी टाळावी. नकार द्यायचा असेल तर खोटी कारणे रचू नयेत. ‘आज मला शक्य नाही, उद्या सकाळी अकरानंतर पाहू शकेन’ हा नकार पुरेसा सभ्य आहे.

जे सांभाळून घ्यायचे नसते

अपमान, धमकी, लैंगिक छळ, जाणूनबुजून एकटे पाडणे यांना ‘नाते सांभाळण्याचा’ प्रश्न समजू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेला 190 क्रमांकाचा करार हिंसा आणि छळ यांपासून मुक्त कार्यजगताचा प्रत्येकाचा अधिकार मान्य करतो, आणि त्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थी व उमेदवार यांनाही लागू होते. असे काही घडल्यास त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवावीत, मेसेज पुसू नयेत, विश्वासातील एका व्यक्तीला सांगावे आणि संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे लेखी जावे. आपण नवीन आहोत, आपले कोण ऐकणार, या विचाराने थांबू नये.

विभाग किंवा नोकरी सोडताना

बदली झाली किंवा नोकरी सोडली तरी ही माणसे पुन्हा कोठेतरी भेटतात, म्हणून शेवटचे पंधरा दिवस पहिल्या पंधरा दिवसांइतक्याच काळजीने घालवावेत. आपल्या जागी येणाऱ्यासाठी एक नोंद तयार करावी. तीत फाईली कोठे आहेत आणि कोणते काम कुठवर आले आहे हे तर असतेच, पण कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे, कोणाला फोन चालतो आणि कोणाला आधी मेसेज लागतो, हेही लिहावे. सर्वांत शेवटी वही उघडून आपण कोणाला कोणते शब्द दिले आहेत आणि त्यांतील कोणते अजून पुरे व्हायचे आहेत, याची यादी करावी. जे स्वतः पुरे करता येतील ते करावेत, आणि जे उरतील त्यांच्याविषयी त्या त्या व्यक्तीला स्वतः जाऊन सांगावे, की हे काम आता कोणाकडे असेल आणि ते केव्हापर्यंत होईल.